सरकणारे दात आणि दुर्लक्षित हिरड्या

वयाची चाळिशी ओलांडली की माणूस शरीराच्या अनेक तक्रारींशी मुकाट्याने तडजोड करू लागतो. वाचताना पुस्तक हातभर दूर धरावे लागते, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, कानशिलापाशी केस पिकतात. आणि या सर्व गोष्टी वयाच्या खात्यावर मांडून तो मोकळा होतो. त्यातच केव्हा तरी आणखी एका तक्रारीची भर पडते. समोरच्या वरच्या दातांमध्ये पूर्वी कधी नसलेली फट दिसू लागते. एखादा दात किंचित पुढे येतो, शेजारच्या दातापेक्षा लांब दिसतो. हाही वयाचाच परिणाम, असे म्हणून आरशासमोरून दूर होण्याची आपल्याकडे रीत आहे. ही समजूत चुकीची आहे, आणि ती महागात पडणारी आहे. प्रौढ माणसाच्या दातांत नव्याने पडलेली फट हा बहुतेक वेळा हिरड्यांच्या रोगाचा पुरावा असतो. तो रोग आटोक्यात आणता येतो आणि दातही पुष्कळदा वाचवता येतो. असे असूनही आपला समाज, आपली आरोग्यव्यवस्था आणि काही अंशी खुद्द दंतवैद्यकाचा व्यवसायही या पुराव्याकडे पाठ फिरवतो.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. ज्यांच्या समोरच्या दातांत लहानपणापासून फट आहे, त्यांनी त्या फटीमुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. ती त्यांच्या दातांची मूळ ठेवणच होय. वयाबरोबर खालचे समोरचे दात थोडे दाटीवाटीने उभे राहू लागतात, तेही निरोगी माणसात घडते. येथे प्रश्न आहे तो पूर्वी नसलेल्या आणि वाढत जाणाऱ्या फटीचा. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे हसरे छायाचित्र आणि आजचा आरसा यांची तुलना केली, तर हा फरक कोणालाही ओळखता येईल. त्यासाठी पदवी लागत नाही.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला असतो, असे आपल्याला वाटते. वस्तुतः तसे नाही. दाताचे मूळ आणि जबड्याच्या हाडातील त्याची खोबण यांच्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जाडीचा तंतूंचा एक थर असतो. या तंतूंनी दात हाडाला जणू टांगलेला असतो, आणि वरून हिरडी त्या सांध्याचे रक्षण करीत असते. दातांवर रोज जंतूंचा एक चिकट थर जमतो. तो घासून काढला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे कठीण होतो; यालाच आपण कीटण म्हणतो. कीटणाच्या खरखरीत पृष्ठभागावर नवे जंतू सुखाने वस्ती करतात. त्यांना तोंड देताना हिरडी सुजते आणि ब्रश लागताच तिच्यातून रक्त येते. येथपर्यंत सारे पूर्ववत होऊ शकते. परंतु ज्यांच्या बाबतीत सूज खाली उतरते, त्यांच्या दाताभोवतीचे तंतू तुटू लागतात, हाड झिजू लागते आणि हिरडी व दात यांच्यामध्ये खोल पोकळी तयार होते. लोकभाषेत ज्याला पायोरिया म्हणतात, तो हाच रोग.

आधार गेलेला दात का सरकतो, हेही समजून घेण्याजोगे आहे. निरोगी तोंडात प्रत्येक दात अनेक दाबांच्या समतोलात उभा असतो. आतून जीभ त्याला बाहेर ढकलते, बाहेरून ओठ आणि गाल त्याला आत रेटतात, समोरासमोरचे दात चावताना एकमेकांना थोपवून धरतात. हाडाचा आधार भक्कम असेपर्यंत हा समतोल टिकतो. आधार अर्ध्यावर आला की जिभेचा नेहमीचा दाबही दाताला जड होतो. त्यातच मागची एखादी दाढ काढलेली असेल आणि तिच्या जागी काही बसवलेले नसेल, तर शेजारचे दात त्या मोकळ्या जागेत कलतात, चावण्याचा भार समोरच्या दातांवर येतो, आणि मुळात नाजूक असलेले हे दात पंख्यासारखे पुढे पसरू लागतात. हिरड्यांचा रोग झालेल्या रुग्णांपैकी साधारणतः तीस ते पंचावन्न टक्के लोकांत दात असे सरकलेले आढळतात, असे निरनिराळ्या पाहण्यांचे निष्कर्ष आहेत. म्हणजे हा काही लाखात एखादा प्रकार नव्हे.

या फटीची किंमत केवळ सौंदर्यात मोजणे योग्य ठरणार नाही. ज्याचा व्यवसाय बोलण्याचा आहे, त्या शिक्षकाला ‘स’ आणि ‘त’ उच्चारताना हवा निसटू लागली की वर्गासमोर संकोच वाटतो. खिडकीवर बसून दिवसभर लोकांशी बोलणारा कारकून हसताना तोंडावर हात धरू लागतो. हसतील त्याचे दात दिसतील, ही म्हण आपण थट्टेने वापरतो. पण दात दिसू नयेत म्हणून हसणेच सोडून दिलेली माणसे आपल्या आसपास थोडी नाहीत. त्यापुढची पायरी म्हणजे भाकरीचा तुकडा तोडता न येणे, आणि शेवटची पायरी म्हणजे कवळी.

हा पुरावा दिसल्यावर आपण काय करतो? तीन प्रकारची वागणूक सर्रास आढळते. पहिली, काहीच न करणे. हा रोग बहुधा दुखत नाही, आणि जे दुखत नाही तो रोगच नव्हे, असे आपले गणित असते. दुसरी, दात काढून टाकणे. हलतोच आहे, आज ना उद्या पडणारच, मग एका बैठकीत निकाल लावलेला बरा, असा हा विचार. तिसरी वागणूक अलीकडची आहे आणि ती सुशिक्षितांत अधिक दिसते. फट वाईट दिसते म्हणून दातांना तार लावून घ्यायची, पारदर्शक साचे मागवायचे, किंवा फट झाकणाऱ्या कॅप बसवायच्या. पहिल्या दोन वागणुकींत अज्ञान आहे; तिसरीत अज्ञानाबरोबर धोकाही आहे. हिरडीत सूज आणि जंतू कायम असताना दातावर तारेचा ताण दिला, तर उरलेले हाडही वेगाने झिजू शकते. भिंतीत पाणी मुरत असताना वरून रंग देण्यासारखेच हे आहे. रंग टिकत नाही आणि मधल्या काळात भिंत मात्र आणखी पोखरली जाते.

दात काढून मोकळे होण्याच्या वृत्तीला एक इतिहास आहे, आणि तो ध्यानात घेतल्याशिवाय आजची मनोवृत्ती नीट कळणार नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील जॉन रिग्ज या दंतवैद्याने, मुळांवरचे कीटण कसोशीने खरवडून काढले तर असे दात टिकतात, असे आग्रहाने प्रतिपादन केले. त्या काळी या रोगाला रिग्जचेच नाव दिले जात असे. परंतु पुढे वारे फिरले. इंग्लंडमधील विल्यम हंटर या वैद्यांनी १९१० साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे एक व्याख्यान दिले आणि तोंडातील पू हे शरीरातील अनेक रोगांचे मूळ असल्याचे प्रतिपादन केले. त्या विचाराची लाट एवढी मोठी आली की पुढची काही दशके पाश्चात्त्य देशांत रोगट दात आणि कित्येकदा चांगले दातही सरसकट उपटले गेले. दात काढणे हाच पायोरियावरचा उपाय, ही समजूत त्या काळात सर्वदूर रुजली. ज्या देशात ती फोफावली तेथे ती पुढे मागे पडली. आपल्याकडे मात्र ती अद्याप पुरती गेलेली नाही.

ती मागे पडली याचे श्रेय संशोधनाला दिले पाहिजे. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांना त्यांनी दात साफ करणे थांबवायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. स्वच्छता पुन्हा सुरू होताच साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. हिरड्यांची सूज नशिबाने किंवा वयाने येत नसून दातांवरच्या थराने येते, हे यामुळे वादातीत ठरले. त्यानंतर १९७२ पासून स्वीडनमधील कार्लस्टॅड या गावी प्रौढांच्या एका गटाला नियमित तपासणी, दातांची व्यावसायिक सफाई आणि घरच्या स्वच्छतेचे शिक्षण देऊन तीस वर्षे त्यांचा पाठपुरावा करण्यात आला. या तीस वर्षांत प्रत्येकाचे सरासरी दोन दातही गेले नाहीत. दात पडणे हा वार्धक्याचा अपरिहार्य भाग आहे असे मानणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर विचारात घ्यावा.

मग सरकलेल्या दातावर योग्य उपचार कोणता? येथे सर्वांत महत्त्वाचा आहे तो क्रम. प्रथम हिरडी आणि दात यांच्यातील पोकळीची खोली बारीक मोजपट्टीने दाताभोवती ठिकठिकाणी मोजली जाते. निरोगी हिरडीत ती साधारण एक ते तीन मिलिमीटर असते. क्ष-किरण चित्रावरून हाड किती उरले आहे ते कळते. त्यानंतर हिरडीच्या वरचे आणि खालचे कीटण काढून मुळे स्वच्छ केली जातात. खोल पोकळीत हे काम हिरडी बधिर करून करावे लागते. याबरोबरच दात कसे घासायचे आणि दोन दातांमधील जागा लहान ब्रशने कशी साफ करायची, हे रुग्णाला हातात ब्रश देऊन शिकवावे लागते. सुमारे दोन ते तीन महिन्यांनी फेरतपासणी होते. पोकळी राहिलीच असेल, तर काही ठिकाणी हिरडी उघडून आतील भाग साफ करण्याची शस्त्रक्रिया केली जाते. फट अगदी लहान असेल, तर सूज ओसरल्यावर कित्येकदा दात आपोआप काही प्रमाणात मागे येतो. रोग शांत झाल्यावरच, आणि तोही हलक्या दाबाने, तारेच्या साहाय्याने दात जागेवर आणायचा असतो. आलेला दात पुन्हा सरकू नये म्हणून मागच्या बाजूने बारीक तार कायमची चिकटवावी लागते, आणि गेलेल्या दाढांच्या जागा भरून चावण्याचा भार योग्य ठिकाणी परत न्यावा लागतो. युरोपातील हिरडीरोगतज्ज्ञांच्या महासंघाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही आधी रोगनियंत्रण आणि मग दातांची पुनर्रचना हाच क्रम मानला आहे.

या उपचाराच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. झिजलेले हाड बहुतांशी परत येत नाही. काही विशिष्ट आकाराच्या झिजेत शस्त्रक्रियेने थोडे हाड मिळवता येते, एवढेच. सूज उतरल्यावर हिरडी खाली सरकते, दात लांब दिसतात आणि काही दिवस थंड पाणी झोंबते. काही दात वाचवण्यापलीकडे गेलेले असतात आणि ते काढावेच लागतात. शिवाय हा उपचार एकदा घेऊन संपत नाही. दर तीन-चार महिन्यांनी तपासणी आणि सफाई चालू ठेवावी लागते. ज्याला रक्तदाबाची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते तो त्याबद्दल तक्रार करीत नाही. हिरड्यांच्या बाबतीतही तीच वृत्ती हवी.

‘दात साफ करून घेतले की ते सैल होतात आणि फटी पडतात’ ही समजूत तर घरोघरी ऐकू येते. तिच्यामागे एक निरीक्षण आहे, पण निष्कर्ष उलटा आहे. फटी आधीच पडलेल्या असतात. त्या कीटणाने बुजलेल्या असतात आणि सुजलेल्या हिरडीने झाकलेल्या असतात. कीटण निघाले की त्या दिसतात. चिखल धुऊन काढल्यावर भिंतीची भेग दिसली, तर पाण्याने भिंत फोडली असे कोणी म्हणत नाही.

आता आपल्या परिस्थितीकडे वळू. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत ३५ ते ४४ वयोगटातील ८९.६ टक्के लोकांच्या हिरड्यांत कोणता ना कोणता दोष आढळला होता. यात साध्या रक्तस्रावापासून गंभीर रोगापर्यंत सर्व प्रकार धरले आहेत, हे खरे. पण म्हणूनच तो आकडा अधिक अर्थपूर्ण आहे. ज्यांना आज सहज बरे करता येईल अशांची संख्या त्यात मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या अहवालात जगातील सुमारे शंभर कोटी लोकांना हिरड्यांचा गंभीर रोग असल्याचा अंदाज दिला. महाराष्ट्रात या रोगाला तंबाखूचे खतपाणी मिळते. भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना लावण्याची सवय खेड्यापाड्यांतील अनेक स्त्रियांना आहे आणि ती दात साफ करण्याचा उपाय म्हणूनच लावली जाते, हे दुर्दैव आहे. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली. मशेरीची सवय मात्र घराच्या चार भिंतींआड चालूच राहिली. धूम्रपान करणाऱ्यांची आणखी एक फसगत होते. त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे धोक्याची पहिली सूचनाच त्यांना मिळत नाही. मधुमेहाचे तर या रोगाशी दुहेरी नाते आहे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरणे कठीण जाते. ज्या देशात मधुमेह घराघरांत शिरला आहे, तेथे हा धागा किती महत्त्वाचा आहे हे वेगळे सांगायला नको.

असे असताना व्यवस्थेचा कल कोणीकडे आहे? दात काढणे एका बैठकीत होते. दात राखणे चार-सहा बैठकांचे काम आहे. पहिल्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा पुरते, दुसऱ्यासाठी वारंवार रजा काढावी लागते आणि खर्चही खिशातून करावा लागतो. बहुतेक आरोग्यविमा पॉलिसींत अपघाताखेरीजचे दंतोपचार वगळलेले असतात. म्हणजे ज्या उपचाराने दात वाचतो त्याला मदत नाही. आणि ती न मिळाल्याने दात गेल्यावर कवळीचा किंवा इम्प्लांटचा खर्च पुन्हा त्याच माणसाच्या माथी. दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत, अशी म्हण आपल्याकडे आहे. नोकरीच्या उमेदीच्या काळात पैशाअभावी हिरड्यांकडे दुर्लक्ष करायचे आणि निवृत्तीनंतर हाती चार पैसे आले की कवळीच्या दारी जायचे, हा त्या म्हणीचा आधुनिक अनुवादच म्हणावा लागेल.

मनुष्यबळाच्या नावाने रडण्याचे कारण नाही. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हिरड्यांच्या रोगांचे स्वतंत्र विभाग आहेत. केंद्र सरकारने २०१४-१५ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमही सुरू केला. अडचण आहे ती दंतवैद्य शहरांत एकवटले असण्याची, आणि प्राधान्यक्रमाची. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात कीटण काढण्याचे यंत्र चालू स्थितीत हवे आणि ते चालवणारा माणूसही हवा. मधुमेहाच्या दवाखान्यात पायांची तपासणी होते, तशी हिरड्यांचीही चौकशी झाली पाहिजे. सरकारी आणि खाजगी नोकरांच्या वैद्यकीय सवलतींत हिरड्यांच्या उपचारांना स्थान मिळाले पाहिजे. आणि प्रौढांच्या दातांना तार लावण्यापूर्वी हिरड्यांची मोजणी करून तिची लेखी नोंद रुग्णाच्या हाती देण्याचा नियम दंतवैद्यांनी स्वतःहून पाळला पाहिजे. यांपैकी कोणतीही मागणी अवास्तव नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. ज्या राज्यात क्षयरोग आणि कुपोषण यांच्याशी अजून झगडावे लागते, तेथे दातांचे लाड कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो टिकणारा नाही. चावता न येणारा माणूस कच्ची भाजी, फळ, भाकरी टाळतो आणि मऊ, पिठूळ अन्नाकडे वळतो. त्याचे पोषण घटते, मधुमेहाचा आहार पाळणे त्याला अशक्य होते. शिवाय येथे महागडी यंत्रसामग्री किंवा परदेशी औषधे मागितलेली नाहीत. एक ब्रश, तो धरण्याचे शिक्षण आणि वेळच्या वेळी सफाई, एवढ्यावर या रोगाचा मोठा भाग थोपवता येतो. एवढा स्वस्त प्रतिबंध फार थोड्या रोगांच्या वाट्याला आला आहे.

सरकार करील तेव्हा करील. पण शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी या वर्गाने तोवर थांबण्याचे कारण नाही. ब्रशला रक्त लागले तर घासणे थांबवू नये, कारण शोधावे. काडीने कोरून पोट भरत नाही तसा रोगही जात नाही, हे ओळखून दंतवैद्याकडे जावे आणि ‘माझ्या हिरड्यांची खोली मोजा’ असे स्पष्ट सांगावे. सरकलेला दात काढण्याचा किंवा तारेने ओढण्याचा सल्ला मिळाला, तर हिरड्यांचे काय, हा प्रश्न निःसंकोच विचारावा. घरातील आईने किंवा आजीने मशेरी सोडावी म्हणून विद्यार्थ्यांनी हट्ट धरावा. मुलांचा हट्ट पुष्कळदा डॉक्टरांच्या उपदेशापेक्षा अधिक काम करतो. दात पडणे हे म्हातारपणाचे लक्षण मानणाऱ्या समाजाला अकाली म्हातारपण येते. ते टाळणे आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी दात हलेपर्यंत वाट पाहण्याची गरज नाही.